स्मरणिकेतलं गायब पान

मंडळींनो, दुपारी आपल्या मंडळाच्या राजाजीनगरच्या हॉलवर नवी स्मरणिका मिळाली. कागद गुळगुळीत, छपाई झकास. वीस वर्षं तिची पानं मी पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर लावत होतो. यंदा कमिटीने नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि मला आराम करायला सांगितलं.

दिवंगत सभासदांचं पान काही सापडेना. दरवर्षी तेच जुनं पान पुढे घेऊन आपण त्यात नवी नावं घालतो.

शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, एचएसआरहून येणाऱ्या नव्या संपादकाला विचारलं. म्हणाला, "अंकल, नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या पानावर नुसता कचरा दिसत होता. करप्ट समजून डिलीट केलं." वर इथलं कानडी पालुपद, "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना!"

कचरा नव्हता तो, जुना फॉन्ट होता, नव्या सॉफ्टवेअरला तो वाचता येत नाही. एक फोन केला असता तर तासाभरात पुन्हा टाईप करून दिलं असतं. जाहिराती मात्र सगळ्या शाबूत आहेत.

त्या पानावरचं शेवटचं नाव आमच्या हिचं होतं. फाईल देण्याआधी मीच टाईप केलं होतं.

दुपारपासून इथे ग्रुपवर 'मस्त अंक, मस्त अंक' चाललंय. तुमच्यापैकी कितीजणांचे आईवडील त्या पानावर होते. ते पान नाही, हे एकालाही दिसलं नाही? की अंक कोणी उघडलाच नाही?