हौदाजवळची पाटी

आमच्या चर्चला इतिहासाची पाटी लावायचं ठरलं, तेव्हा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मराठीची शिक्षिका, त्यात निवृत्त, घरात बसून असते. कमिटीला आणखी काय हवं? मी मात्र हरखून गेले. इतक्या वर्षांनी माझ्या आजोबांचं नाव दगडावर येणार होतं.

आमचं चर्च बॅप्टिस्टांचं. डोक्यावर पाणी शिंपडून आमच्यात भागत नाही, अख्खा माणूस पाण्यात बुडवतात. त्यासाठी मागच्या अंगणात दगडी हौद आहे. निजामाच्या काळात माझे आजोबा कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून इथं शहरात आले, तो हौद खणायला मजूर म्हणून राबले आणि त्यातला पहिला बाप्तिस्मा त्यांनीच घेतला. गावात ज्यांना विहिरीच्या पायरीला पाय लावू देत नव्हते, ते इथं छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले. माझे वडील, आमचे अण्णा, हे सांगताना शहाऐंशीव्या वर्षीही ताठ बसतात. "पाटी लागू दे, मग मी जायला मोकळा," असं त्यांचं रोजचं चाललं होतं.

मी हौदाची ओळ सगळ्यात वर घेतली. जुनं रजिस्टर काढून पहिल्या चार घरांची नावं तपासून घातली. कमिटीनं मजकूर मंजूरही केला.

दोन दिवसांनी धाकटा भाऊ आला. चहाला हात न लावता म्हणाला, "आक्का, आजोबांचं नाव काढून टाक."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या मुलीचा मेडिकलला राखीव जागेवर नंबर लागला होता आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी चालू होती. कागदावर आम्ही हिंदू आहोत. आम्हाला शाळेत घालताना हेडमास्तरांच्या सल्ल्यानं अण्णांनीच तसं लिहिलं. माझी नोकरीही त्याच कागदावर झाली. ख्रिस्ती लिहिलं की आम्हाला तो दाखला मिळत नाही. हौदात बुडलं की जात धुऊन निघते, असं सरकारचं म्हणणं. पडेगावला भाड्याचं घर बघायला गेलो होतो, तेव्हा जात ऐकून नकार देणाऱ्या घरमालकाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

"कुणी पाटीचा फोटो काढून पडताळणीवाल्यांना नेऊन दिला तर?" भाऊ म्हणाला. "पोरीचं वाटोळं होईल. मेलेल्याला काय त्याचं?"

त्याचा मला भयंकर राग आला. स्वतःचा त्याहून जास्त, कारण पेन माझ्याच हातात होतं. मी ओळ काढली. कमिटीत कुणी कारण विचारलं नाही. उलट उरलेली तीन घरंही हळूच येऊन आपापली नावं काढून घेऊन गेली. शेवटी पाटीवर राहिले गोरे मिशनरी साहेब आणि उद्घाटनाचे पाहुणे. हौद जणू आपोआप खणला गेला.

अण्णांना मी काहीच सांगितलं नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

रविवारी उपासना संपल्यावर पडदा बाजूला झाला. टाळ्या झाल्या. अण्णा काठी टेकत पाटीपाशी गेले. नजर अधू झाली आहे, पण अक्षरं कोरलेली होती. एकेका ओळीवर बोट फिरवत ते खालपर्यंत आले आणि पुन्हा वर गेले. भाऊ चपलांकडे बघत उभा होता.

"माझ्या बापाचं नाव कुणी काढलं?"

"मी," मी म्हणाले. पोरीचं, दाखल्याचं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी काठी उगारली असती तरी बरं वाटलं असतं.

ते नुसती मान हलवत राहिले. "व्हय. शाळंत हिंदू म्हणून पयल्यांदा तर मीच लिहिलं व्हतं." मग माझा दंड धरून, भावालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "पर आता एक करा. मला पुरू नका, जाळा. कबरीवर बी नाव घालावं लागतंय."