पहिलं पाणी

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत वॉलपेपर लावायला ठरलेले एक काका येतात. नाव कुणालाच ठाऊक नाही, सगळे वॉलपेपरवाले काका म्हणतात. आधी भिंतीला गाल टेकवून ओल बघतात, मगच कामाला लागतात. आमच्या हॉलसाठी आणलेला केळीच्या झाडांच्या चित्रांचा कागद उलगडून म्हणाले, "एवढ्या केळी, आणि केळफूल एक पण नाय!" दिवसभर मला एकच बजावत होते, "ताई, पाणी लागू द्यायचं नाय हां. पुसायचं तर कोरड्या फडक्यानं."

काम संपल्यावर हात धुवायला त्यांना तांब्या दिला. त्यातलं चुळकाभर पाणी त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी, केळीच्या बुंध्यांवर अलगद शिंपडलं.

"अहो काका, पाणी?"

"लावणाऱ्यानं पहिलं पाणी द्यावंच लागतं," ते गंभीरपणे म्हणाले. "तुम्ही मात्र देऊ नका."