परतीच्या तारखेचा रकाना

उल्हास देवस्थळी हा माणूस पोह्यांच्या डब्यावरही तारीख चिकटवतो. त्यामुळे सिंगापुरात, तोआ पायोहच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कोणता डबा कधी भरला, हे त्याच्या बायकोला, मेधाला, झाकण न उघडता कळतं. घरच्या वायफायचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी का बदलतो, हे मात्र तिला अजून कळलेलं नाही. बावीस वर्षं बँकेचे डेटाबेस सांभाळले की माणूस असा होत असावा. अर्थात पुण्यात कॉलेजात असतानाही तो असाच होता म्हणतात, तेव्हा बँकेला उगाच दोष नको.

या उल्हासने निशिगंधाकाकूंना शब्द दिला होता. काकू सेरंगूनला राहतात, वय चौऱ्याहत्तर, आणि तिथल्या मराठी मंडळींचं वाचनालय म्हणजे काकूच. वाचनालयाला स्वतःची जागा नाही. अकराशे पुस्तकं नऊ घरांतल्या नऊ कपाटांत ठेवलेली, आणि कुठलं पुस्तक सध्या कुणाकडे, हे काकूंच्या चार वह्यांत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या चाकांची पिशवी ओढत उल्हासच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवरच्या म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेतल्या दगडी टेबलापाशी यायच्या आणि तिथे देवघेव चालायची.

आता काकू नाशिकला मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्या जायच्या आत वह्यांचा कारभार दुसऱ्या कुणाला चालवता येईल असा लागला नाही, तर पुस्तकं गोळा करून देऊन टाकायची, असं मंडळींनी ठरवलं होतं. बैठकीनंतर चहा पिताना काकू उल्हासला एवढंच म्हणाल्या, "कपाटं एकदा मोडली ना, की परत उभी राहत नाहीत रे."

"मी करतो, काकू," उल्हास म्हणाला.

घरी आल्यावर त्याची लेक आर्या तिच्या सिंगापुरी थाटात म्हणाली, "बाबा, स्प्रेडशीट कर ना, लाह. हाफ डे, फिनिश."

हे उल्हासला फार लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर मोठमोठे डेटाबेस उभे केले, त्याने काकूंच्या अठरा वर्षांच्या कामाची बोळवण स्प्रेडशीटवर करायची? त्याने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला, पुसला आणि त्यावर लिनक्स चढवलं. मग डेटाबेसचा सर्व्हर बसवला. डेटा ठेवायला वेगळी डिस्क, सर्व्हर चालवायला वेगळा, बिनअधिकाराचा युजर, वीज जाऊन आली तर आपोआप सुरू होण्याची सोय, रोजचा बॅकअप. तोआ पायोहला वीज कधी जाते, असं मेधाने विचारलं. तो प्रश्न नाही, असं उत्तर मिळालं.

सगळं झाल्यावर मेधाच्या लॅपटॉपवरून सर्व्हरला जोडायला गेला, तर जोडणी होईना. उल्हासने तासभर तिच्या लॅपटॉपला नावं ठेवली. मग सेटिंगची फाइल उघडली, तेव्हा दिसलं की नवा सर्व्हर मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेलं ऐकतो. बाहेरच्यांचं ऐक, असं त्याला सांगावं लागतं. बँकेत हे काम दुसऱ्या विभागाचं असल्यामुळे साहेब विसरले होते.

"म्हणजे घरात आता दोघं झाले," मेधा म्हणाली.

तिचा हा टोमणा उल्हासने गिळला, कारण चार वह्या टाइप करायचं काम तिच्याच गळ्यात होतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी ती काकूंचं बारीक, तिरपं अक्षर लावत बसली. चार हजारांवर नोंदी झाल्या. शनिवारी दुपारी उल्हासने ती सगळी फाइल डेटाबेसमध्ये भरायला घेतली आणि ती अडली. पहिल्यापासून पुन्हा भरली, पुन्हा अडली.

दोष वह्यांचा नव्हता. टेबल मांडताना उल्हासने एक नियम घालून ठेवला होता: पुस्तक नेऊन वर्ष झालं असेल, तर परतीची तारीख हवीच, नसेल तर नोंद घ्यायची नाही. आणि एक नोंद नाकारली की सगळा भरणा मागे फिरायचा. अशा बिनतारखेच्या तेवीस नोंदी निघाल्या. उल्हासने नावं न वाचताच त्यांची यादी छापली आणि बस पकडून सेरंगून गाठलं. काकूंना जायला नऊच दिवस उरले होते.

काकूंच्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती. त्यांनी चष्मा लावला आणि यादीवरून बोट फिरवलं.

"ही चैत्राली. बाळंतपणानंतर नेलं होतं. दोन पानं वाचून झोपते म्हणायची. पोरगं शाळेत जायला लागलं आता तिचं."

"परत कधी केलं?"

"केलं कुठे? आणि हा दिलीप. नोकरी गेली, तिच्याबरोबर इथे राहायचा पास गेला, महिन्याभरात चंबूगबाळं आवरून गेले बिचारे. सामानात गेलं असेल. वाचत असेल तिकडे."

"काकू, म्हणजे ही पुस्तकं हरवली म्हणून लिहू?"

"हरवली कशी? त्यांच्याकडे आहेत." याला एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. "ज्याला ज्या वेळी पुस्तकाची गरज असते ना, त्याच्या नोंदीत मी तो रकाना रिकामा ठेवते. मागायला जायचं नाही."

बोट खाली सरकलं आणि सतराव्या नोंदीवर थांबलं. देवस्थळी, उल्हास. ऑगस्ट २०२०.

"मी नव्हतं नेलं," उल्हास म्हणाला.

"मीच आणून ठेवलं होतं तुमच्या चपलांच्या रॅकवर. तुझे वडील इथे आले होते तेव्हा वाचत होते ते, नद्यांवरचं. अर्धं राहिलं, पुढच्या खेपेला पुरं करतो म्हणाले होते."

उल्हासला सगळं आठवलं. विमानं बंद होती. साताऱ्याला वडील गेले आणि त्यांचे अंत्यविधी त्याने तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये उभं राहून फोनवर पाहिले. आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेल्या त्या माणसाला नद्यांशिवाय दुसरं काही वाचायला आवडत नसे. ते पुस्तक उल्हासने न उघडता वरच्या फळीवर सारलं होतं. पाच वर्षं काकूंनी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"तुझ्या मशीनला रिकामं चालत नाही का?" काकूंनी विचारलं. "तसं असेल तर घाल काहीतरी तारीख. माझ्यासाठी अडवू नकोस."

"चालेल, काकू," उल्हास म्हणाला. "न चालायला काय झालं?"

घरी येऊन त्याने तो नियम काढून टाकला. बँकेत असा नियम काढायचा तर तिघांच्या सह्या लागल्या असत्या. फाइल पुन्हा भरली आणि ती एकदाही न अडता शेवटच्या नोंदीपर्यंत गेली. मग त्याने वरच्या फळीवरून पुस्तक काढलं. मध्ये खूण म्हणून वडिलांनी हॉकर सेंटरमधला, जेवणाच्या स्टॉलवरचा कागदी टिश्यू घडी करून ठेवला होता. तिथपासून त्याने वाचायला सुरुवात केली आणि आठवडाभर ऑफिसला जाता-येता एमआरटीच्या गाडीत तेच वाचलं.

रविवारी व्हॉइड डेकवर सगळे जमले. मेधाने लॅपटॉपवर नोंद करत सहा पुस्तकं दिली, चार घेतली. वरच्या घरातला जुना कॉम्प्युटर निमूट नोंदी घेत होता. मंडळींनी माना डोलावल्या. कपाटं राहणार, हे तिथेच ठरलं.

शेवटी उल्हासने नद्यांचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"झालं वाचून?" काकूंनी विचारलं.

"काल झालं."

त्याने स्वतःच्या नोंदीत परतीची तारीख घातली. मग नवी नोंद उघडून त्याच पुस्तकापुढे निशिगंधाकाकूंचं नाव लिहिलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"अरे, मी उद्या चालले. परत कशी करणार?"

उल्हासने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो रिकामा होता. काकूंनी पुस्तक चाकांच्या पिशवीत, पासपोर्टच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि चेन लावली.