दारांच्या क्रमानं सहा नावं

"चोरलेलं गाणं म्हणायला लाज वाटत नाही? उतर खाली."

लातूरच्या आमच्या क्लासचं स्नेहसंमेलन. भरला हॉल. सर माइकवरून बोलले. क्लास त्यांचाच. मी स्टेजवर, गाण्याच्या दुसऱ्या ओळीवर होते. मागून कुणीतरी ओरडलं, "कॅसेट ऐकून पाठ केलं व्हय गं?" सगळे हसले. मी उतरले.

गाणं माझ्या आईचं होतं. पण कुणाचं ते आधी सांगायचं धाडस मला झालं नव्हतं.

भूकंपात आमची गल्ली गेली. पत्र्याच्या शेडमध्ये आल्यावर आई दळताना गेलेल्या बायकांची नावं ओवीत घालू लागली. ज्या क्रमानं दारं होती त्याच क्रमानं. सहा दारं, सहा नावं. एकही सुटलेलं तिला चालायचं नाही.

क्लासच्या पहिल्या दिवशी सरांनी काहीतरी म्हणायला सांगितलं. मी हेच म्हटलं. वहीत उतरवून दे, म्हणाले. मला अभिमान वाटला. चांगल्या अक्षरात दिलं. दिवाळीनंतर कॅसेट निघाली. गीत, संगीत, दोन्हीकडं सरांचं नाव. रोज सकाळी क्लासात ती वाजायची. मी मान खाली घालून बसायची. राहणं त्यांच्याच वसतिगृहात. बारावी तोंडावर. घरात एवढं शिकणारी मी पहिली. बोलणार कुणापाशी?

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. समोर कोरा कागद. गाणं कॅसेटवरून उचललं असं लिहून दे, नाहीतर खोली सोड. मी चाचरत सांगितलं, ओळी आईच्या आहेत.

"लोकगीताला मालक नसतो, बाळ. मी प्रेरणा घेतली."

क्षणभर पटलंही. चाल आईची नव्हतीच. ती जात्यावर बसणाऱ्या प्रत्येकीची. सरांनी त्या चालीवर स्वतःच्या ओळी रचल्या असत्या तर विचारणारी मी कोण? पण त्यांनी नावंसुद्धा तशीच ठेवली होती.

"सर, गाण्यातली गोदा कोण?"

"कोण म्हणजे? नाव आहे. ओळीत छान बसतं."

गोदा माझी मामी. दुसरं दार.

मी पेन घेतलं. सहा नावं लिहिली, दारांच्या क्रमानं. खाली लिहिलं, गाणं माझ्या आईचं. तिला लिहिता येत नाही म्हणून सही माझी.

"हे काय लिहिलंस?"

"खरं हाय ते लिहिलं, सर."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी केली. परीक्षेपर्यंत कुठं राहीन ठाऊक नाही. पण यापुढं गाणं म्हणेन तिथं आधी आईचं नाव घेईन. आणि सहावं नाव होईपर्यंत, कुणी कितीही उतर म्हणो, मी उतरणार नाही.