ज्याने लावला, त्यानेच पुन्हा लावायचा

माझी मावशी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी आणि हातात दोऱ्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फिसकटलं, सगळं तिच्या हातातून गेलं, पण घरी येऊन तिने त्यातलं एक अक्षर कधी सांगितलं नाही. आम्ही भाचरं तिला खोदून खोदून विचारायचो. ती म्हणायची, "लाइन जोडायचे पैसे मिळतात, ऐकायचे नाही."

लग्न तिने केलं नाही. दोन खोल्यांचं घर, एक लांब रेघांची वही आणि थोरला भाऊ, एवढा तिचा संसार. हा भाऊ म्हणजे आमचा मामा. तो घड्याळं दुरुस्त करायचा, दुसऱ्या गावी मुलाकडे राहायचा आणि मावशीला 'छबे' म्हणायचा. साठी उलटलेल्या बाईला छबे म्हणणारा जगात तो एकटाच उरला होता.

मावशीचा एक नियम होता, आणि तो आमच्या सगळ्या खानदानाने मुकाट पाळला. बोलता बोलता फोन तुटला, तर ज्याने लावला होता त्यानेच पुन्हा लावायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, थांबायचं. कारण तुटल्यावर दोघंही घाईने फिरवायला लागले की दोघांनाही एंगेज लागतो. तिच्या नोकरीतली निम्मी भांडणं यातून झालेली होती. हा नियम मोडला म्हणून मी लहानपणी धपाटा खाल्लेला आहे.

मामाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. फोनवर त्याचं बोलणं कळेना, समोर चेहरा दिसला तर ओठांवरून, डोळ्यांवरून मावशीला अर्थ लागायचा. तेव्हा घरातली कॉम्प्युटरवाली म्हणून मला पाचारण झालं. मी माझा ऑफिसमधून सुटलेला जुना लॅपटॉप तिला दिला. त्यात लिनक्स ही हलकी सिस्टिम घातली, आणि आठ वर्षांचं म्हातारं मशीन कसं पळतं बघ म्हणून वर शेखीही मिरवली. बॅटरी थकलेली होती, म्हणून ती जास्त वेळ पुरावी यासाठी एक वीज वाचवणारा प्रोग्रॅमही टाकून दिला. माझ्या मते मी फार शहाणपणा केला होता.

दर रविवारी दुपारी चारला मामा व्हिडिओ कॉल लावायचा. त्याची सून औषधांच्या दुकानात कामाला होती. दुकानात जायच्या आधी ती त्याच्यासमोर लॅपटॉप उघडून ठेवायची आणि तो डाव्या हाताने एकच बटण दाबायचा. ते बटण दुसऱ्या कुणी दाबलेलं त्याला खपायचं नाही. एक वाक्य पुरं करायला त्याला पाच पाच मिनिटं लागायची. मावशी मध्ये बोलायची नाही. ऐकायचे पैसे आताही तिला कुणी देत नव्हतं, पण ऐकत बसायची.

आणि तिसऱ्या रविवारपासून लाइन तुटायला लागली.

"अगं, तुझं हे वायफाय मध्येच जातं. दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं, पण तोवर दादा गेलेला असतो."

मी गेले. टेबलावर लॅपटॉप ठेवला, चार्जर लावला, तासभर चालवला. एकदाही तुटलं नाही. मी म्हटलं, राउटर कपाटामागे आहे, तो वर ठेव. ठेवला. पुढच्या रविवारी तुटलं. मी पुन्हा गेले, राउटरचा चॅनल बदलला. तुटलं. वायफायचा ड्रायव्हर नवा घातला, सगळी सिस्टिम अपडेट केली, नेटवर्क पुसून नव्याने जोडलं. माझ्यासमोर ते यंत्र गरीब गायीसारखं वागायचं. प्रत्येक वेळी मी "झालं, आता नाही तुटणार" म्हणून चपला घालायचे, आणि रविवारी साडेचारला माझा फोन वाजायचा.

चौथ्या खेपेला माझं डोकं फिरलं. "मावशी, तूच काहीतरी भलतं दाबत असशील."

ती उठली. आत गेली आणि वही घेऊन आली. "मी लिहून ठेवलंय सगळं. एकदा नजर घाल."

"अगं, मशीन स्वतःच सगळं लिहून ठेवतं," मी स्क्रीनवरून मान न उचलता म्हटलं. "ते वाचतेय ना मी. तुझ्या वहीतून काय कळणार?"

तिने वही मिटली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. माझ्या कोपरापासून वीतभर लांब असेल. मशीनने लिहिलं होतं की राउटरने संबंध तोडला. मग मी राउटरलाच दोष दिला, नवा राउटर आणून बसवला आणि विषय संपवला.

पुढच्या रविवारी मामाने कॉल लावला. सुरुवातीचं तब्येतपाणी झालं. मग तो म्हणाला, "छबे, तुला... एक... सांगायचं..." आणि लाइन गेली.

मावशीने हात मांडीवर ठेवला आणि वाट पाहिली. कॉल त्याने लावला होता, तो पुन्हा लावणार. आधीच्या रविवारी दहा-पंधरा मिनिटांत लावायचा. या वेळी पाऊण तास गेला. मग तिने सुनेच्या मोबाइलवर फोन केला, ती दुकानात गिऱ्हाइकांत होती, तिने उचलला नाही. सात वाजता सून घरी आली तेव्हा मामा खुर्चीतच झोपलेला होता. "उद्या बोलतील हं, आत्याबाई," ती म्हणाली. सोमवारी त्याला जरा ग्लानी होती. मंगळवारी पहाटे दुसरा झटका आला आणि मामा गेला.

त्याला काय सांगायचं होतं, ते त्याच्या मुलाला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. घरात शोधण्यासारखं काही नव्हतं, हात गेल्यापासून तो लिहीतच नव्हता.

महिन्याभराने मावशीने लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे परत आणला. "मला आता याचं काय काम?" पिशवीत वहीही होती. लॅपटॉपचे कागद म्हणून तिने तीही टाकली असावी. ती आत माझ्या आईशी बोलत बसली आणि मी, नुसता चाळा म्हणून, ती वही उघडली.

एक्स्चेंजमध्ये बिघाडाची नोंद ठेवतात तशी रेघा मारून तिने रकाने पाडले होते. तारीख, तुटल्याची वेळ, परत आल्याची वेळ, बसायची जागा, चार्जर, शेरा. जागा जवळजवळ प्रत्येक रविवारी 'खिडकीजवळ'. चार्जर, 'काढलेला'. फक्त पहिल्या दोन रविवारी खिडकीचं रंगकाम चालू होतं, तेव्हा जागा 'टेबल' आणि चार्जर 'लावलेला', आणि त्या दोन ओळींत तुटल्याचा रकाना रिकामा. शेऱ्याच्या रकान्यात दादा कोणत्या शब्दावर होता ते लिहिलेलं. शेवटच्या ओळीत, 'तुला एक सांगायचं. वाट पाहिली.'

मी ती पानं पुन्हा एकदा पाहिली. खिडकीपर्यंत चार्जरची वायर पुरत नव्हती, आणि चेहऱ्यावर उजेड पडून भावाला आपण नीट दिसावं म्हणून ती खिडकीत बसायची. चार्जर काढला की मी टाकलेला तो वीज वाचवणारा प्रोग्रॅम वायफायच्या कार्डाला डुलकी घ्यायला लावायचा, आणि त्या जुन्या कार्डाला डुलकीतून नीट उठता येत नव्हतं. राउटरला वाटायचं हा गेला, आणि तो संबंध तोडायचा. मी दर वेळी टेबलावर, चार्जर लावून तपासत होते. एका फाईलमधला 'ऑन' खोडून मी 'ऑफ' लिहिलं. दोन मिनिटं लागली. मग चार्जर काढून लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बॅटरी संपेपर्यंत एक व्हिडिओ चालू ठेवला. एकदाही तुटलं नाही. तेवढा वेळ मी त्या चालणाऱ्या यंत्राकडे बघत स्वतःला शिव्या घालत होते.

राउटर खराब होता असं सांगून मी मोकळी होऊ शकले असते. पण ती वही वाचल्यावर जीभ रेटेना. मी तिला बोलावलं आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. माझंच चुकलं, तू दाखवत होतीस तेव्हा मी बघितलं नाही, हेही सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवू लागली.

"तुझं चुकलं ते चुकलंच," ती म्हणाली. "पण बटण माझ्याकडेही होतं ना. पाऊण तास मी हात मांडीवर ठेवून बसले. एकच हात चालणारा माणूस पलीकडे, आणि मी कसले नियम पाळत बसले."

ती पुढे झुकली आणि तिने बंद लॅपटॉपकडे बोट केलं.

"एक सांग. इकडे लाइन गेली की तिकडे काय दिसतं?"

"तुझा चेहरा दिसतो. हलत नाही, पण दिसतो. दहा-बारा सेकंद."

"आणि मग?"

खरं म्हणजे मग पडद्यावर लिहून येतं, समोरच्या व्यक्तीने कॉल संपवला. आणि त्या रविवारी संध्याकाळी मामा जागा झाल्यावर सुनेला दोनच शब्द बोलला होता, ते तिने मला एकटीला सांगितलेले होते. 'छबी कंटाळली.'

"मग काही नाही," मी म्हणाले. "लाइन खराब आहे असं येतं. माणूस पुन्हा लावत राहतो."

एकतीस वर्षं कुणाच्याही शब्दावर न जाता प्रत्येक लाइन स्वतः तपासून बघणारी बाई, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"लावत असेल बिचारा," ती म्हणाली.