बिनडोळ्यांचे संत

खंडोजीराव चितारींनी जन्मात समुद्र पाहिला नाही. ग्रीसच्या एका बेटावरच्या चिमुकल्या चर्चच्या भिंती मात्र त्यांना स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होत्या. यात कौतुक करण्यासारखं काही नाही. ऐकाल तर तोंड कडू होईल.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे बंगळूरकडे आलेलं, पिढीजात चिताऱ्यांचं. आजोबांनी आनेकलजवळच्या एका खेड्यातलं देऊळ आतून रंगवलं होतं. चुना ओला असतानाच रंग दिला की तो भिंतीच्या अंगात मुरतो, असं म्हातारा छातीठोकपणे सांगे. आणि नातवाच्या डोळ्यांदेखत त्याच भिंतीचे पोपडे गळून पडले. आजोबांचं कुठे चुकलं, हा भुंगा खंडोजींच्या डोक्यात कायमचा बसला.

ते बंगळूरच्या एका चित्रसंग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करायच्या नोकरीवर होते. १९५९ साली तिथे एक ग्रीक प्राध्यापक पेटीभर फोटो आणि रंगांची टिपणं घेऊन आला. ऑलिव्हच्या बागांतली ती चर्च आपल्या गुरांच्या गोठ्याएवढी. पण आत वीतभर जागाही कोरी नाही, सगळीकडे संतच संत. सातशे वर्षांपूर्वी ओल्या चुन्यावरच रंगवलेले, आणि अजून धडधाकट. प्रदर्शनासाठी त्यातल्या बारा संतांच्या पुरुषभर उंचीच्या नकला करायच्या होत्या. त्या ज्याच्या हातच्या पसंत पडतील, त्याला वर्षभर बेटावर पाठवू, असं संग्रहालयाचे प्रमुख नरसिंहराव यांनी जाहीर केलं.

उभ्या आयुष्यात खंडोजींनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. ती भिंत हाताने चाचपायची, चुन्याचे थर मोजायचे, एवढंच. त्यांच्या पत्नी अनुसूयाबाईंनी बोटीवर न्यायला चटणीपुडीसुद्धा कुटून ठेवली.

चौदा महिने ते राबले. अडचण एकच होती. फोटोतल्या एकाही संताला डोळे नव्हते. डोळ्यांचा रंग पाण्यातून प्यायला की डोळ्यांची दुखणी जातात, या समजुतीने गावकऱ्यांनी ते खरवडून नेले, असं तिकडे सांगतात म्हणे. खोबणींच्या जागी नुसता पांढरा चुना. जसं आहे तसं काढा, असा हुकूम होता आणि खंडोजींनी तसंच काढलं. पण चिताऱ्यांच्या घरात चित्राचे डोळे शेवटी रंगवतात, म्हणजेच उघडतात, सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी. आणि आंधळं चित्र कधी दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. नकला द्यायच्या दिवशी त्यांना राहवलं नाही. लवकर येऊन त्यांनी बाराही संतांचे डोळे उघडले. ग्रीक पाहुणा खूश होईल, अशी त्या भाबड्या माणसाची समजूत. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पाहुण्याचा चेहराच पडला. चित्रं सुरेख आहेत, पण या नकला नव्हेत. तिथे जे गेलं ते इथेही गेलेलंच दिसलं पाहिजे, असं तो म्हणाला. नरसिंहरावांनी ते मराठीत सांगितलं.

खंडोजी हळूच म्हणाले, "आमच्या घरात आंधळं चित्र उंबरा ओलांडत नाही, राव. एवढं त्यांना सांगा."

नरसिंहरावांनी ते सांगितलं नाही. आमचा माणूस जरा अडाणी आहे, असं ते इंग्रजीत म्हणाले. तेवढं इंग्रजी खंडोजींना येत होतं.

पाहुणा गेल्यावर नरसिंहराव म्हणाले, "स्वल्प व्यवहार बघा, खंडोजी. डोळे खरवडा. नाहीतर बेट विसरा."

खंडोजी घाबरले असते, तर मी त्यांना माफ केलं असतं. ते घाबरले नाहीत, त्यांना लोभ सुटला. दाढीचं पातं घेऊन त्यांनी स्वतः उघडलेले चोवीस डोळे स्वतः खरवडले, आणि तेही नीट, जीव लावून, कारण वाईट काम त्या हाताला येतच नव्हतं.

प्रदर्शनात पाहुणा त्या खोबणींपुढेच खिळला. इतकी हुबेहूब पडझड आपण कुठल्याच नकलेत पाहिली नाही, असं म्हणाला. नरसिंहरावांनी नम्रपणे मान झुकवली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला अक्कल लागत नाही. मग त्यांनी वर लिहून कळवलं, की चितारी स्वतःच्या मनाचं घालतात, तेव्हा जबाबदार माणूस गेलेला बरा. आणि स्वतःच गेले. निघताना खंडोजींनी एकच विनवणी केली, चुन्याचे थर किती ते तेवढं विचारून या. वर्षाने नरसिंहराव परत आले, गोरेगोमटे होऊन. थरांचं विचारताच म्हणाले, "अरे, ते राहिलंच की."

त्या भाद्रपदात अनुसूयाबाईंनी गौरीचा मुखवटा नवऱ्यापुढे ठेवला. दर वर्षी त्याला नवा रंग देऊन डोळे तेच उघडत. खंडोजींनी गाल रंगवले, ओठ रंगवले, कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि तसाच खाली ठेवला.

बाई वाट बघून म्हणाल्या, "अहो, मुहूर्त चाललाय."

"ज्या हाताने खरवडले, त्या हाताने कसे उघडू?"

शेवटी बाईंनीच काजळाने दोन डोळे काढले, एक वर, एक खाली. त्या तिरळ्या गौरीपुढे खंडोजींनी हात जोडले, पण मान काही वर केली नाही. अडुसष्टात नोकरी संपेपर्यंत आणि संपल्यावरही दर भाद्रपदात डोळे बाईच काढत राहिल्या. ते त्यांना शेवटपर्यंत सरळ जमले नाहीत, आणि घरातला चितारी शेजारी बसून नुसता बघत राहिला.