दोन खाचा पुढे

दादाला सुट्टी नव्हती, म्हणून जुना ट्रॅक्टर बघायला वहिनी आणि मीच गेलो. इंजिनाचा आवाज, धूर, टायर मी पाहिले. सगळं ठीक होतं. वहिनी सीटवर चढून बसली आणि म्हणाली, "क्लचला पाय पुरत नाही."

मालक हसले. "चालवणार तर दाजीच ना, ताई?"

"ते नोकरीला जातात. चारा, शेणखत, पाण्याची टाकी रोज मलाच न्यायचीय."

सीट पुढे घ्यायची दांडी गंजून घट्ट बसली होती. इतकी वर्षं एकच माणूस चालवत होता, सरकवणार कोण? मला आमचं घर आठवलं. आरसा, खुंटी, मेन स्विच, सगळं दादाच्या उंचीला. वहिनी घरभर टाचा उंचावते, आणि आम्हाला वाटतं तिची सवयच तशी.

मालकांनी ऑइल सोडलं, पान्याने ठोकलं. सीट किरकिरत दोन खाचा पुढे आली. वहिनीने क्लच पुरता दाबून पाहिला. "हाच घेऊ."

मी सीटच्या मागे बघत राहिलो. बाकीचा ट्रॅक्टर उन्हाने विटला होता. सीट सरकल्यावर तिथला दोन बोटं पत्रा उघडा पडला होता, अजून नव्यासारखा लाल.